भोर संस्थानची तिकिटं : जुन्या पेटीतल्या कागदावरचा तो तुकडा कापून विकण्याआधी हे वाचा

दिवाळी झाली, भात झोडून घरात आलं, की आमच्याकडे माळ्यावरच्या पेट्या खाली काढतात. कपडे, भांडी, कागदं सगळं एकदा ऊन दाखवून परत ठेवायचं. बारा-तेरा वर्षांपूर्वी अशीच एक पेटी अंगणात उघडी होती आणि नेमका मोटारसायकलवर एक जण आला. जुनी नाणी, जुन्या नोटा, जुनी तिकिटं विकत घेतो म्हणाला. आमच्या चुलत्यांनी आजाच्या वेळची कागदं कौतुकाने त्याच्यापुढे ठेवली. त्याने एका पिवळ्या पडलेल्या पावतीवरचं तिकीट ब्लेडने अलगद कापून घेतलं, दीडशे रुपये हातावर टेकवले आणि गेला. पावती आमच्याकडेच राहिली, मधे तिकिटाएवढं चौकोनी भोक घेऊन. चुलते खूश. मीही खूश, खोटं कशाला बोलू.

ते भोक आम्हाला केवढ्याला पडलं ते पुढे सांगतो. आधी ते तिकीट कुणाचं होतं, ते कशासाठी लावत होते आणि आपल्या भागात घरोघरी असे कागद का सापडतात, हे समजून घेऊ. कारण भोर, वेल्हे (राजगड), मावळ-मुळशीचा काही भाग आणि घाटाखालचा सुधागड, ही सगळी गावं ७५-८० वर्षांपूर्वी एकाच संस्थानात होती. त्या संस्थानचं नाव भोर आणि राजाची पदवी पंतसचिव.

सचिव म्हणजे कागद तपासणारा

आज सचिव म्हटलं की आपल्याला सोसायटीचा सचिव आठवतो, नाहीतर मंत्रालयातला. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत सचिव हे एक मोठं पद होतं. त्याला सुरनीस असंही म्हणत. महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तो या पदावर होते. राजाच्या नावाने जी पत्रं निघतील ती वाचून तपासायची, त्यात काही कमी-जास्त झालं असेल तर दुरुस्त करायचं, महाल-परगण्यांचे हिशेब बघायचे आणि सगळं बरोबर असेल तर त्यावर आपली खूण करायची, हे सचिवाचं काम. म्हणजे राजाचा कागद खरा की खोटा हे ज्याच्या नजरेखालून ठरायचं तो माणूस.

भोरच्या घराण्याचे मूळ पुरुष शंकराजी नारायण गांडेकर. राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा मागे महाराष्ट्रात औरंगजेबाच्या फौजेशी झुंज चालू होती. त्या काळात रामचंद्रपंत अमात्यांच्या बरोबरीने ज्यांनी इथला कारभार सांभाळला त्यांत शंकराजी नारायण होते. मोगलांनी घेतलेले मावळातले किल्ले परत मिळवण्यात त्यांचा मोठा वाटा. सिंहगड १६९३ साली परत घेतला तोही त्यांच्याच आखणीतून. राजाराम महाराजांनी त्यांना सचिवपद दिलं आणि भोरच्या गादीची सुरुवात साधारणपणे १६९७ पासून धरतात.

पुढे १७०७ मध्ये औरंगजेब वारला, शाहू महाराज सुटून आले आणि गादीचा वाद उभा राहिला. एका बाजूला ताराराणी, दुसऱ्या बाजूला शाहू. शंकराजींनी ताराराणींच्या बाजूने शपथ घेतलेली होती. शपथ मोडायची नाही आणि शाहू महाराजांवर शस्त्रही धरायचं नाही, अशा कात्रीत सापडून त्यांनी भोरजवळ आंबवडे इथे आपला देह संपवला. नागेश्वराच्या दर्शनाला आंबवड्याला गेलात तर तिथे त्यांची समाधी आहे. शाहू महाराजांनी मनात काही न ठेवता त्यांच्या लहान मुलाला, नारो शंकर यांना, सचिवपद दिलं. तेव्हापासून हे पद त्या घराण्यात वंशपरंपरेने चालत राहिलं.

किल्ल्यांच्या खालचं राज्य

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. इंग्रजांनी साताऱ्याला छत्रपतींची गादी ठेवली आणि तिच्याखाली काही जहागिरी ठेवल्या. भोरचे पंतसचिव, औंधचे पंतप्रतिनिधी, फलटणचे निंबाळकर, जतचे डफळे, अक्कलकोटचे भोसले हे त्यातले. १८४८ मध्ये साताऱ्याच्या गादीला औरस वारस नाही असं कारण दाखवून इंग्रजांनी ते राज्य खालसा केलं. त्यानंतर या जहागिरींचा संबंध सरळ इंग्रज सरकारशी आला आणि त्यांना संस्थान म्हणायला लागले.

भोर संस्थान फार मोठं नव्हतं. क्षेत्र सुमारे ९२५ चौरस मैल, आणि १९०१ च्या शिरगणतीत लोकसंख्या सुमारे १ लाख ३७ हजार. तालुके पाच : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. नावं बघा. विचित्रगड म्हणजे आपला रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. पवनमावळ सोडलं तर प्रत्येक तालुक्याला किल्ल्याचंच नाव. पालीचा बल्लाळेश्वर सुधागड तालुक्यात, म्हणजे तोही भोर संस्थानातच होता.

राजधानी नीरेच्या काठी भोर. आज सिनेमावाले ज्या राजवाड्यात शूटिंग करतात, तिथून हा सगळा डोंगराळ मुलूख चालायचा. शंकरराव चिमणाजी पंतसचिव १८७१ ते १९२२ असे पन्नास वर्षं गादीवर होते. त्यांच्यानंतर त्यांचे चिरंजीव रघुनाथराव. आपल्याकडच्या घरांत जे तिकीट लावलेले कागद सापडतात ते बहुतेक या दोघांच्या कारकिर्दीतले.

आधी टपालाचं तिकीट

बऱ्याच जणांना माहीत नाही, पण भोर संस्थानचं स्वतःचं टपाल होतं आणि स्वतःचं टपाल तिकीटही. साल १८७९. किंमती दोनच, अर्धा आणा आणि एक आणा. दोन्ही लाल रंगात. ती यंत्रावर छापलेली नव्हती. हातकागदावर एकेक शिक्का हाताने उमटवायचा आणि कात्रीने कापून द्यायचा. आजच्या तिकिटाला कडेने बारीक भोकं असतात तशी त्याला नव्हती, मागे-पुढे कागदही कुठे जाड कुठे पातळ. पुढे १९०१ मध्ये शंकररावांचा चेहरा असलेलं अर्ध्या आण्याचं छापील तिकीट निघालं.

यात अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. कोल्हापूर, सांगली, मिरज ही आपल्यापेक्षा श्रीमंत आणि नावाजलेली संस्थानं. पण दक्षिणेतल्या या मराठी संस्थानांपैकी स्वतःचं टपाल तिकीट काढलं ते भोरने. जगभरच्या तिकीट संग्राहकांच्या यादीत त्यामुळे भोरचं नाव आजही येतं.

हे टपाल मात्र फार वर्षं टिकलं नाही. पुढे संस्थानचं टपाल बंद झालं आणि पत्रव्यवहार इंग्रज सरकारच्या टपालातून जायला लागला. एका अर्थी ते साहजिक होतं. पत्र पुण्याला, मुंबईला जायचं, आणि संस्थानचं तिकीट हद्दीबाहेर कोण मानणार?

टपाल गेलं तरी दुसरी तिकिटं राहिली. न्याय देणं आणि महसूल गोळा करणं हे अधिकार संस्थानकडेच होते आणि त्या कामाला लागणारी तिकिटंही संस्थानचीच. आपल्या पेट्यांमध्ये सापडतात ती ही तिकिटं.

महसुली तिकीट म्हणजे नेमकं काय

टपालाचं तिकीट म्हणजे पत्र पोचवण्याची मजुरी. महसुली तिकीट म्हणजे कर. तुमचा व्यवहार सरकारच्या कायद्याखाली आला, त्याचा कर तुम्ही भरला, याची ती चिकटवलेली पावती. ढोबळ मानाने याचे तीन प्रकार.

पहिलं, पावती तिकीट. पैसे मिळाल्याची पावती लिहून दिली की त्यावर लावायचं. इंग्रजी मुलखात १८९९ च्या मुद्रांक कायद्याप्रमाणे २० रुपयांच्या वर रक्कम असेल तर एक आण्याचं तिकीट लागायचं. आजही हा कायदा आहे, फक्त आता ५,००० रुपयांच्या वरच्या पावतीला एक रुपयाचं तिकीट. पगारपत्रकावर किंवा ऊसबिलाच्या पावतीवर आपण जे लाल तिकीट लावतो, त्याचाच हा पूर्वज.

दुसरं, कोर्ट फी. दावा लावायचा, अर्ज द्यायचा, नक्कल मागायची, वकीलपत्र दाखल करायचं, तर त्याची फी रोख न घेता तिकिटाच्या रूपात कागदावर लावून घेत. इंग्रजी मुलखात यासाठी १८७० चा कोर्ट फी कायदा होता.

तिसरा, मुद्रांक कागद, म्हणजे आपण ज्याला स्टॅम्प पेपर म्हणतो तो. यात तिकीट वेगळं चिकटवायचं नसतं, कागदाच्या वरच्या भागातच शिक्का छापलेला असतो. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, कर्जरोखा अशा मोठ्या व्यवहारांना हा लागायचा. इंग्रजी पद्धतीत असा कागद विकताना विक्रेत्याने त्यावर नंबर, तारीख, घेणाऱ्याचं नाव-गाव आणि किंमत लिहून सही करायची असते. जुन्या कागदाच्या पाठीवर बारीक अक्षरात जी ओळ दिसते ती ही. ती कचरा समजू नका. कित्येक वेळा पुढची शाई उडालेली असते आणि तारीख त्या पाठीवरच्या ओळीतून कळते.

संस्थानांनी आपले नियम बहुतेक याच इंग्रजी कायद्यांच्या धर्तीवर केले. फरक एवढाच, की तिकिटावर इंग्लंडच्या राजाऐवजी आपल्या संस्थानचं नाव, शिक्का किंवा आपल्या राजाचा चेहरा. आणि प्रत्येक संस्थानचं तिकीट त्याच्या हद्दीपुरतं. भोरच्या न्यायकचेरीत भोरचं तिकीट लागणार. तोच माणूस पुणे, वाई किंवा महाडच्या कोर्टात गेला की इंग्रज सरकारचं तिकीट लागणार, कारण ती गावं इंग्रजी मुलखात. एकाच कुटुंबाची जमीन हद्दीच्या दोन्ही बाजूंना असेल तर पेटीत दोन्ही सरकारांची तिकिटं सापडतात. त्यात गोंधळून जायचं कारण नाही. कागद कुठे केला हे तिकीटच सांगतं.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात साडेपाचशेच्या वर संस्थानं होती. त्यातल्या मोजक्याच संस्थानांनी टपाल तिकिटं काढली, पण कोर्ट फी आणि महसुली तिकिटं काढणारी संस्थानं कितीतरी जास्त. टपालाविना राज्य चालतं, स्टॅम्पविना तिजोरी चालत नाही. शेतसारा, जंगल, अबकारी यांच्या जोडीला स्टॅम्प हीही उत्पन्नाची एक बाब होती. आणि हा पैसा कुणाकडून यायचा? दावा लढणारा, कर्ज काढणारा, जमीन विकणारा, म्हणजे बहुतेक वेळा अडचणीत असलेला शेतकरी. तिकिटावरचा एक आणा आज काहीच वाटत नाही. पण रुपयाचे १६ आणे असायचे आणि रोजगार आण्यांत मोजला जायचा, हे लक्षात ठेवून तो एक आणा बघावा.

तिकिटावर सही का, आणि राजाच्या चेहऱ्याला भोक का

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. तिकीट एकदा वापरलं की ते पुन्हा कुणी सोडवून दुसऱ्या कागदावर लावू नये, म्हणून ते रद्द करावं लागतं. त्याच्या दोन पद्धती.

पावती तिकीट रद्द करतात सहीने. पैसे घेणारा माणूस तिकिटावर आडवी सही करतो, अर्धी तिकिटावर आणि अर्धी कागदावर, आणि तारीख घालतो. अंगठेबहाद्दर असेल तर अंगठा तिकिटावरच. म्हणून अशा पावतीत सही वेगळी आणि तिकीट वेगळं नसतं. तिकीट हीच सहीची जागा असते.

कोर्ट फीचं तिकीट रद्द करतात पंचाने. कारकून तिकिटावरच्या चेहऱ्याच्या जागी भोक पाडतो आणि किंमतीचा आकडा मात्र शाबूत ठेवतो. कायद्यातच तसं सांगितलेलं आहे, कारण पुढे कुणी तपासलं तर फी किती भरली हे दिसायला पाहिजे. जुन्या तिकिटावर राजाच्या तोंडाला गोल भोक दिसलं तर ती कसर नव्हे आणि कुणी मुद्दाम केलेला अपमानही नव्हे. कागद खरंच कचेरीत दाखल झाला होता याची ती खूण आहे. भोक असलेलं तिकीट बघून कुणी "फाटकं आहे, किंमत नाही" म्हणून उचलून नेत असेल तर त्याला नेऊ देऊ नका.

८ मार्च १९४८ नंतर

देश स्वतंत्र झाल्यावर दक्षिणेतली संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली. भोरचा कारभार ८ मार्च १९४८ रोजी मुंबई सरकारकडे गेला. घाटावरचा भाग पुणे जिल्ह्यात आला आणि सुधागड त्या वेळच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात. तिकिटंही मग मुंबई राज्याची आली. पुढे १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन नवे पैसे आले, तेव्हा आण्याचं तिकीट व्यवहारातून उठलं.

सरकार बदललं म्हणून जुने कागद रद्द झाले असं मात्र नाही. इथे आपल्या गावागावांत मोठा गैरसमज आहे. "संस्थान गेलं, आता त्या कागदाला काय विचारतंय" असं म्हणून लोकांनी बासनंच्या बासनं चुलीत घातली. खरं म्हणजे विलीनीकरणानंतरच या कागदांची गरज जास्त पडली. १९५० नंतर वतनं गेली, जहागिरी गेल्या, इनामं गेली. कोण कसत होता, कुणाचा हक्क कशाने आला, हे दाखवायला संस्थानी काळातलाच कागद लागायचा. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा पुन्हा तेच. मोडी वाचणाऱ्यांच्या मागे लोक हिंडत होते आणि ज्यांच्या घरात जुनी बासनं टिकली होती त्यांचं काम सोपं झालं.

पुराव्याच्या कायद्यातही जुन्या कागदाला वेगळा मान आहे. ३० वर्षांहून जुना कागद योग्य माणसाच्या ताब्यातून, म्हणजे जिथे तो असायला पाहिजे तिथूनच आलेला असेल, तर त्यावरची सही-अक्षर खरं आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं. शंभर वर्षांपूर्वीचा साक्षीदार आणणार कुठून, म्हणून ही सोय. पण कागद धड पाहिजे. उलट ज्या कागदाला मुद्रांक लागतो आणि ज्यावर तो दिसत नाही, असा कागद पुराव्यात घ्यायला अडचण येते. काही कागदांना दंड भरून मार्ग निघतो, काहींना तोही नाही. तुमच्या आजोबांनी त्या वेळी तिकिटाचे पैसे भरले असतील, पण तिकीट तुम्हीच कापून विकलं असेल तर ते भरले होते हे कसं दाखवणार?

आमच्या त्या चौकोनाची गोष्ट

आमच्या आजाने दुष्काळी वर्षात ओढ्याकडचा एक तुकडा सावकाराकडे गहाण टाकला होता. नंतर भात आणि दोन खोंडं विकून पैसे फेडले. सावकाराने पैसे मिळाल्याची पावती लिहून दिली, त्यावर संस्थानचं तिकीट लावलं आणि तिकिटावर सही केली. जमीन आमच्या ताब्यात आली, आम्ही कसत राहिलो. पण सातबाऱ्यावर "इतर हक्क" मध्ये सावकाराचं नाव तसंच राहून गेलं. आजाला वाचता येत नव्हतं आणि बापाने कधी सातबारा काढलाच नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी विहिरीसाठी कर्ज काढायला गेलो तेव्हा तो बोजा समोर आला. नाव कमी करा, मग बघू, असं उत्तर मिळालं. मी घरी येऊन पेटी काढली. मनात म्हटलं, पावती आहे की. पावती सापडली. वर आजाचं नाव, गटाचा जुना नंबर, रक्कम, सगळं शाबूत. खाली सहीच्या जागी चौकोनी भोक.

सही तिकिटावर होती. तिकिटाबरोबर ती दीडशे रुपयांना गेली होती. भोकाच्या कडेला सहीची फक्त शेवटची एक शेपटी राहिली होती.

वकिलाकडे गेलो. त्याने कागद उजेडाकडे धरला, भोकातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दादा, ही पावती आहे, पण कुणी दिली ते यात नाही." मी काय बोलणार. मग जुने फेरफार काढ, नकला काढ, ज्यांना काही आठवतंय अशी म्हातारी माणसं शोध, यात दोन वर्षं गेली. शेतातली कामं सोडून तालुक्याला किती खेपा झाल्या त्याचा हिशेब मी ठेवला नाही. ठेवला असता तर विहीर त्यातच झाली असती.

शेवटी मार्ग निघाला तो माणसामुळे. सावकाराचे नातू पुण्याला असतात. भीत भीत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कागद बघितला, राहिलेली शेपटी बघितली आणि म्हणाले, "आमच्या आजोबांचं अक्षर आहे हे. तुमची जमीन आम्हाला नको." त्यांनी येऊन जबाब दिला आणि बोजा कमी झाला. माणूस सरळ निघाला म्हणून सुटलो. दुसरा कुणी असता आणि आज त्या जमिनीचा भाव बघून त्याच्या मनात काही आलं असतं, तर माझ्या हातात काय होतं? भोक.

मग जुन्या कागदांचं करायचं काय

तिकीट जमवणं हा वाईट छंद नाही. त्या छंदी लोकांमुळेच भोरच्या तिकिटांची माहिती टिकली. आणि जाणकार संग्राहकालाही तिकीट आख्ख्या कागदासकट असलेलंच आवडतं, कारण त्यातून तिकीट कधी, कुठे, कशासाठी वापरलं ते कळतं. कापून मागणारा घाईचा व्यापारी असतो. तेव्हा एवढं करा.

१) कोणत्याही जुन्या कागदावरून तिकीट, शिक्का किंवा मुद्रांकाचा वरचा भाग कापू नका. पाण्यात भिजवून सोडवूही नका.

२) आधी कागद वाचून घ्या. मोडी असेल तर मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. त्यात जमीन, विहीर, वाट, पाणी, वाटणी, गहाण यापैकी काही असेल तर तो कागद विकायचा नाही, कितीही पैसे देऊ केले तरी.

३) दोन्ही बाजूंचे फोटो मोबाईलवर काढा, दिवसा, सावलीत, कागद सपाट ठेवून. फोटो भावकीत दोघा-तिघांकडे पाठवून ठेवा. मोबाईल पडला तरी फोटो राहतो. पण फोटो आहे म्हणून मूळ कागद टाकायचा नाही.

४) लॅमिनेशन करू नका. चांगलं दिसतं म्हणून लोक करतात, पण ते परत निघत नाही आणि आतला जुना कागद खराब होतो. चिकटपट्टी लावू नका, पिन मारू नका, रबर बांधू नका.

५) स्वच्छ, कोरड्या सुती कापडात सपाट गुंडाळून ठेवा. आपल्या जुन्या माणसांची बासनाची पद्धत चांगलीच होती. पेटी जमिनीला टेकवू नका, वाळवी लागते. वर्षातून एकदा काढून सावलीत वारा द्या. कडक उन्हात टाकलं तर शाई उडते आणि कागद तडकतो.

६) कागद फाटला किंवा हरवला असेल तर नक्कल मिळते का बघा. नोंदणी झालेल्या दस्ताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयात, जुने फेरफार आणि सातबारे तहसीलच्या अभिलेख कक्षात, मोजणीचे कागद भूमी अभिलेख कार्यालयात मागता येतात. संस्थानी काळातल्या दप्तरासाठी पुणे पुरालेखागारातही चौकशी करता येते. जाताना गावाचं नाव, जुना नंबर आणि अंदाजे साल लिहून न्या.

७) आणि आजच सातबारा काढून "इतर हक्क" चा रकाना वाचा. आजाने फेडलेलं कर्ज तिथे अजून उभं आहे का बघा. ज्यांना त्यातलं काही माहीत आहे ती माणसं हयात आहेत तोवर ते काम उरकून घ्या.

आमची ती भोक पडलेली पावती मी अजून जपून ठेवली आहे. गेल्या दिवाळीनंतर पेटी काढली तेव्हा पोराने विचारलं, "पप्पा, हे उंदराने खाल्लं का?" मी म्हटलं, नाही बाबा, हे आपणच खाल्लं. मग त्याला शेजारी बसवून बाकीच्या सगळ्या कागदांचे फोटो काढून घेतले.